मत विचारण्याआधीच निर्णय झालेला असेल तर

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. या पदावर येऊन दोन वर्षे झाली. गेल्या वर्षी मी सहयोगी नेतृत्वावरचे पाच दिवसांचे निवासी प्रशिक्षण घेतले आणि अतिशय उत्साहाने परतले. आल्याबरोबर पाच समित्या नेमल्या, दर पंधरवड्याला शिक्षक सभा घेऊ लागले आणि प्रत्येक महत्त्वाच्या विषयावर सर्वांचे मत विचारू लागले. परंतु सभेत ठरावीक दोन-तीन ज्येष्ठ शिक्षकच बोलतात, बाकीचे मान खाली घालून बसतात. समित्यांची इतिवृत्ते वेळेवर येतात, काम मात्र पुढे सरकत नाही. वाचन तासिका दिवसाच्या कोणत्या वेळी ठेवावी, यावर आम्ही एक संपूर्ण सभा खर्च केली. शिक्षकांचा कल मधल्या सुट्टीनंतरच्या वेळेकडे होता, पण व्यवस्थापनाशी आधी झालेल्या बोलण्यानुसार मला ती पहिल्या तासालाच ठेवावी लागली. त्यानंतर सगळे अधिकच गप्प झाले आहेत. आमचे पर्यवेक्षक म्हणतात, ‘मॅडम, तुम्हीच ठरवत जा, लोकांना तेच हवे असते.’ आता त्याच संस्थेने पुढच्या टप्प्याचा अभ्यासक्रम जाहीर केला आहे. मी तो करावा का? की सर्व सहकाऱ्यांना पहिल्या प्रशिक्षणाला पाठवावे? की हा मार्गच सोडून द्यावा?

उत्तर :

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून पुढे गेला आहात. ती गोष्ट म्हणजे वाचन तासिकेचा प्रसंग. मला वाटते की, तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका प्रसंगापाशी थांबल्याशिवाय मिळणार नाहीत, म्हणून अभ्यासक्रमाचा विषय थोडा बाजूला ठेवून आधी त्याविषयी लिहिते.

ती सभा शिक्षकांच्या जागी बसून पाहा. दिवसभराचे तास संपवून ते सभेला आले, त्यांना मत विचारण्यात आले, त्यांनी ते कारणांसह मांडले, एकमेकांचे मुद्दे खोडले, काहींनी आपले म्हणणे मागे घेतले आणि अखेर बहुतेकांचे एका वेळेवर एकमत झाले. मग सूचना निघाली ती नेमकी उलट. ज्या क्षणी त्यांना कळले असेल की व्यवस्थापनाशी बोलणे सभेच्या आधीच झाले होते, त्या क्षणी त्या सभेचा अर्थ त्यांच्या लेखी बदलला. तुमचा हेतू फसवण्याचा नव्हता, हे मला पत्रावरून स्पष्ट दिसते. कदाचित सर्वांचे मत आपल्या बाजूने पडेल आणि प्रश्नच उद्भवणार नाही, अशी तुम्हाला आशा असावी. परंतु शिक्षकांच्या अनुभवाला हेतू दिसत नाही, क्रम दिसतो. आधी निर्णय, नंतर चर्चा हा क्रम ज्याने एकदा पाहिला, तो पुढच्या सभेत गप्प बसतो, आणि त्याला उदासीन म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्याने हाती आलेल्या पुराव्यावरून शहाणपणाचाच निष्कर्ष काढलेला असतो.

त्यामुळे येत्या सभेत पहिला विषय हाच घ्या, आणि तो तुम्ही स्वतः मांडा. ‘वाचन तासिकेच्या वेळेबाबत व्यवस्थापनाशी माझे बोलणे आधी झाले होते, ते मी तुम्हाला सांगितले नाही आणि तरीही तुमचे मत विचारले. तसे करायला नको होते. यापुढे ज्या विषयात निर्णय झालेला असेल, तेथे मी तसे सांगेन आणि मत विचारणार नाही.’ एवढेच बोला. त्यापुढे परिस्थितीचे स्पष्टीकरण, व्यवस्थापनाचा दबाव, वेळेची अडचण असे काहीही जोडू नका, कारण स्पष्टीकरण जितके लांबते तितके ऐकणाऱ्याचे लक्ष कबुलीवरून बचावाकडे जाते. आणि शक्य असेल तर एक पाऊल पुढे जा : सत्राच्या अखेरीस पहिल्या तासाच्या वाचनाचा मुलांवर काय परिणाम झाला, ते शिक्षकांनी पाहावे आणि त्यांचे निष्कर्ष तुम्ही त्यांच्यासोबत व्यवस्थापनापुढे मांडाल, असा शब्द द्या. मात्र पाळता येणार असेल तरच द्या.

यातून पुढची गोष्ट येते. सहयोगी नेतृत्व म्हणजे प्रत्येक विषयावर सर्वांचे मत विचारणे, अशी समजूत प्रशिक्षणांतून नकळत पसरते आणि ती शाळेला थकवते. काही निर्णय मुख्याध्यापकांनीच घ्यायचे असतात. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या वर्तनाविषयीची तक्रार सभेत मतास टाकणे ही जबाबदारी टाळणे आहे. काही निर्णय तुम्ही घ्यायचे, पण आधी ऐकून घेऊन. वार्षिक वेळापत्रक हे याचे नेहमीचे उदाहरण. काही निर्णय खरोखर एकत्र घ्यायचे, म्हणजे तुमचे मत तेथे अनेकांपैकी एक असेल आणि विरुद्ध निर्णय झाला तरी तुम्ही तो राबवाल. आणि काही निर्णय शिक्षकांनी घेऊन तुम्हाला फक्त कळवायचे. निबंधाच्या वह्या कशा तपासाव्यात, प्रात्यक्षिकांचे गट कसे पाडावेत, यांत तुम्ही पडण्याचे कारणच नाही. सभेच्या विषयपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे तो यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे एका शब्दात लिहा : ‘माहितीसाठी’, ‘मत हवे’, ‘एकत्र ठरवायचे’. शाळेत मतभेदांमुळे जितकी कटुता येते, त्यापेक्षा अधिक कटुता ‘आम्हाला वाटले आम्ही ठरवतो आहोत’ या गैरसमजातून येते, असे माझे अनेक शाळा जवळून पाहिल्यानंतरचे मत आहे.

तुमच्या पर्यवेक्षकांचे म्हणणे याच ठिकाणी अर्धे खरे ठरते. लोकांना स्पष्टता हवी असते. पण स्पष्टता हवी असणे आणि सर्व काही वरून ठरलेले हवे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिकार वाटून दिले की मुख्याध्यापकांचे वजन कमी होते, ही भीतीही त्यांच्या सल्ल्यामागे असू शकते. तिच्याबाबत एक चांगला आधार उपलब्ध आहे. मिनेसोटा आणि टोरांटो या विद्यापीठांतील कॅरेन सीशोर लुईस, केनेथ लीथवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शाळांचा अनेक वर्षे अभ्यास करून २०१० साली अहवाल प्रसिद्ध केला. ज्या शाळांमध्ये मुलांची कामगिरी अधिक चांगली होती, तेथे निर्णयांवर शिक्षकांच्या गटांचा, पालकांचा आणि विद्यार्थ्यांचा प्रभाव अधिक असल्याचे त्यांना आढळले, आणि इतरांचा प्रभाव वाढल्यामुळे मुख्याध्यापकांचा प्रभाव घटला असे मात्र दिसले नाही. प्रभाव ही वाटल्यावर संपणारी वस्तू नाही, हे पर्यवेक्षकांना अवश्य सांगा. त्याचबरोबर त्यांच्या मनातले विचारा. मुख्याध्यापक थेट शिक्षकांशी निर्णयांची चर्चा करू लागले की मधल्या माणसाला आपली जागा कोणती हे कळेनासे होते, आणि ती अस्वस्थता बहुधा ‘तुम्हीच ठरवत जा’ अशा वाक्यातून बाहेर पडते. त्यांना या कामात ठोस भूमिका द्या. कोणती, ते पुढे लिहिते.

आता प्रशिक्षणाकडे वळू.

तुम्ही पाच दिवस शिकलात ते खोटे नव्हते. अडचण अशी की ते ज्या परिस्थितीत शिकलात ती शाळेसारखी नव्हती. प्रशिक्षणाच्या दालनात सगळे समान पदाचे असतात, कोणाला कोणाचे गोपनीय अहवाल लिहायचे नसतात, आजारी शिक्षकाच्या बदली तासाची सोय लावायची नसते आणि पाचव्या दिवशी सगळे आपापल्या गावी जातात. तेथे ऐकून घेणे सोपे असते. शाळेत समोर बसलेला सहकारी तुम्ही तीन महिन्यांपूर्वी काय बोललात ते लक्षात ठेवून असतो. ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४ साली मांडलेला एक भेद येथे फार उपयोगी पडतो : माणूस आपण कसे वागतो म्हणून सांगतो ते एक आणि प्रत्यक्ष वागताना तो ज्या समजुतींवर चालतो त्या वेगळ्या, आणि हे अंतर ज्याचे त्याला सहसा दिसत नाही. प्रशिक्षण बहुधा पहिल्या गोष्टीत भर घालते, म्हणजे आपली भाषा सुधारते. दुसऱ्या गोष्टीला हात घालायचा तर माणसाला त्याचे स्वतःचे वागणे, जसे घडले तसे, कोणीतरी दाखवावे लागते. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाबाबत १९८० च्या दशकापासून हेच सांगितले : सिद्धांत समजावणे, प्रात्यक्षिक दाखवणे आणि दालनात सराव करून घेणे एवढ्यावर थांबले, तर शिकलेले फारच थोडे वर्गात उतरते. कामाच्या जागी सहकाऱ्याची किंवा मार्गदर्शकाची सतत सोबत मिळाली तरच ते टिकते. मुख्याध्यापकांना हा नियम लागू नाही असे मानण्याचे काहीही कारण नाही.

म्हणून तुमचे स्वतःचे पुढचे शिक्षण तुमच्याच शिक्षक सभेपासून सुरू करा. सर्वांची संमती घेऊन सभेतील एखाद्या विषयाचे, साधारण दहा मिनिटांचे, ध्वनिमुद्रण करा आणि ते पर्यवेक्षकांसोबत बसून ऐका. ही त्यांची पहिली भूमिका. ऐकताना ‘सभा चांगली झाली का’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि मोजता येतील अशा गोष्टी मोजा. तुम्ही किती प्रश्न विचारलेत? त्यांपैकी किती प्रश्नांचे उत्तर तुमच्याकडे आधीच तयार होते? प्रश्नाआधी तुम्ही तुमचे मत सांगून टाकले होते का? प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबलात? कोणी एखादा आक्षेप घेतला तेव्हा तुमचे पुढचे वाक्य कोणते होते : त्या आक्षेपाविषयीचा प्रश्न, की त्याचे उत्तर?

थांबण्याचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण त्यावर मी मुद्दाम भर देते. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करताना पाहिले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरही थांबत नाहीत, आणि तो अवधी तीन सेकंद किंवा त्याहून थोडा अधिक केला की मुलांची उत्तरे लांबतात, अधिक मुले आपणहून बोलतात आणि ‘माहीत नाही’ची संख्या घटते. आपण सारे मुळात शिक्षकच असल्यामुळे वर्गातील हीच घाई आपण सभेतही घेऊन येतो. ‘कोणाला काही म्हणायचे आहे का? नाही ना? मग पुढचा विषय,’ हे वाक्य तुमच्या ध्वनिमुद्रणात सापडले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. त्या वाक्यात प्रश्नही आहे आणि उत्तरही आहे, मध्ये जागा मात्र नाही.

ज्येष्ठ शिक्षकच बोलतात, या तक्रारीवर उपाय तुलनेने सोपा आहे. विषय मांडला की सर्वांना दोन-तीन मिनिटे आपले मत कागदावर लिहू द्या, मग शेजारच्याशी बोलू द्या, आणि त्यानंतर सभेत बोलण्याची सुरुवात सर्वांत अलीकडे रुजू झालेल्या शिक्षकापासून करा. तुम्ही शेवटी बोला. सभेचे अध्यक्षपद दर वेळी दुसऱ्याकडे द्या, म्हणजे शेवटी बोलणे तुम्हालाही जमेल. मात्र ज्येष्ठांना गप्प करणे हा हेतू ठेवू नका. त्यांच्याजवळ शाळेची स्मृती आहे आणि ती लागणार आहे.

इथवरचे सर्व सभेविषयी झाले, परंतु शाळेतील सहकार्य सभेत जन्माला येत नाही, कामात येते. समित्यांची गाडी अडली ती याच कारणाने. ज्युडिथ वॉरेन लिटल यांनी १९९० साली शिक्षकांच्या एकत्र येण्याचे चार प्रकार मांडले होते : एकमेकांना किस्से सांगणे, अडल्यावर मदत करणे, साहित्य व कल्पनांची देवाणघेवाण करणे, आणि खऱ्या अर्थाने संयुक्त काम, ज्यात एकाचे काम दुसऱ्याशिवाय पुरे होत नाही आणि परिणामाची जबाबदारी दोघांची असते. पहिले तीन प्रकार सुखद असतात, पण त्यांनी कोणाचे शिकवणे फारसे बदलत नाही. अँडी हार्ग्रीव्ह्ज यांनीही त्याच सुमारास इशारा दिला होता की वरून नेमलेल्या, वेळ-जागा ठरवून दिलेल्या एकत्र येण्यातून सहकार्याचा देखावा तेवढा उभा राहतो. तुमच्या समित्यांची इतिवृत्ते वेळेवर येतात आणि काम होत नाही, हे वाचल्यावर मला याचीच आठवण झाली. प्रत्येक समितीसाठी एकच प्रश्न विचारा : हे काम एक जबाबदार व्यक्ती एकटी करू शकेल का? करू शकत असेल, तर ते तिच्याकडे सोपवा आणि समिती विसर्जित करा. माझा अंदाज आहे की पाचपैकी एखादीच समिती उरेल.

त्या जागी एक छोटा गट करा. तुम्ही, पर्यवेक्षक आणि चार-पाच शिक्षक, ज्यांत एक तरी ज्येष्ठ आणि एक तरी नवखा असावा. या गटाकडे शाळेच्या व्यवस्थापनाचा प्रश्न देऊ नका, मुलांच्या शिकण्यातला एखादा नेमका प्रश्न द्या, जो शिक्षकांना खरोखर सतावतो आणि ज्याचे उत्तर तुमच्याजवळही तयार नाही. एक उदाहरण सविस्तर सांगते, म्हणजे माझे म्हणणे हवेत राहणार नाही.

समजा, गणिताच्या शिक्षकांनी सांगितले की मोठ्या वर्गांतही काही मुलांचे अपूर्णांक कच्चे आहेत. गटाच्या पहिल्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या वर्गातील पाच-सहा मुलांच्या वह्या आणायच्या, त्याही उत्तम किंवा अगदी वाईट निवडून नव्हे, सहज हाती लागतील त्या. एका वहीत १/२ + १/३ = २/५ असे लिहिलेले सापडते. पहिली प्रतिक्रिया ‘लसावि काढायला विसरला’ अशी येईल. तेथे थांबा आणि गटाला विचारा की या मुलाने काय केले असावे, ते त्याच्या बाजूने सांगा. मग दिसते की मुलाने वरचे अंक वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवले, म्हणजे त्याच्या लेखी अपूर्णांक ही एक संख्या नसून एकमेकांवर ठेवलेल्या दोन संख्या आहेत. दुसरा शिक्षक म्हणतो की उत्तर अर्ध्यापेक्षाही लहान आले, हे त्या मुलाला खटकले नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या लक्षात येते की घनतेच्या उदाहरणांत आणि चालीच्या उदाहरणांत नेमकी हीच मुले अडतात. आता प्रश्न एका शिक्षकाचा राहिला नाही. पुढच्या दोन आठवड्यांत काय करून पाहायचे हे गट ठरवतो, समजा, कोणतीही बेरीज करण्यापूर्वी उत्तर अर्ध्याहून मोठे येईल की लहान, याचा अंदाज मुलांकडून तोंडी घ्यायचा. एक शिक्षक तो पाठ घेतो, बाकीचे मागे बसून शिक्षकाकडे नव्हे, ठरवून घेतलेल्या तीन-चार मुलांकडे पाहतात आणि ती काय करतात, काय बोलतात ते टिपतात. पाठानंतर चर्चा होते, त्यात आधी फक्त दिसलेले सांगायचे, मत नंतर. जपानमधील शिक्षक पाठ-अभ्यासाची अशी पद्धत शंभराहून अधिक वर्षे वापरत आले आहेत, आणि तिचे बळ याच शिस्तीत आहे की निरीक्षण मुलांचे होते, त्यामुळे पाठ घेणारा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही.

या सगळ्यात तुम्ही कोठे आहात? वह्यांभोवती, इतरांच्या शेजारी, आणि तुम्हाला न सुचलेली गोष्ट नवख्या शिक्षकाला सुचली की ती आपल्या टिपणात लिहून घेताना. विव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात मुख्याध्यापकांच्या कामाच्या पाच अंगांची तुलना केली होती. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्यात स्वतः सहभागी होणे, या अंगाचा मुलांच्या कामगिरीशी असलेला संबंध सर्वांत मोठा, म्हणजे परिणाम किती मोठा हे सांगणाऱ्या प्रमाणित मापावर सरासरी ०.८४ इतका, आढळला. त्या खालोखालची अंगे ०.४२ वर होती. अशा सरासरीमागे मोजके अभ्यास असतात, त्यामुळे आकड्याला फार चिकटू नये, पण दिशा स्पष्ट आहे. प्रशिक्षणाचे उद्घाटन करून आपल्या खोलीत परतणारे मुख्याध्यापक आणि शिक्षकांसोबत बाकावर बसून शिकणारे मुख्याध्यापक यांत फरक पडतो, कारण दुसऱ्या प्रकारच्या मुख्याध्यापकांना वर्गात काय अडते हे ऐकीव माहितीवरून कळलेले नसते आणि शिक्षकांनाही ते ठाऊक असते.

अर्थात, या कामाला वेळ लागतो आणि तो कोठून तरी काढावाच लागतो. शाळा सुटल्यानंतर, थकलेल्या माणसांकडून, घरची वेळ घेऊन हे काम करवून घेऊ नका. गटातील शिक्षकांना पंधरवड्यातून किमान दोन सलग तासिका एकाच वेळी रिकाम्या मिळतील असे वेळापत्रक पर्यवेक्षकांकडून बांधून घ्या. ही त्यांची दुसरी आणि अधिक महत्त्वाची भूमिका, कारण वेळापत्रकाच्या गाठी त्यांच्याइतक्या कोणालाच सुटत नाहीत. बदली तास घ्यायची वेळ आली तर काही तुम्ही स्वतः घ्या. मुख्याध्यापिका या कामासाठी वर्गावर उभ्या राहतात, हे शिक्षकांना दिसले की तुम्ही या कामाला किती महत्त्व देता, याबद्दल कोणाला शंका उरत नाही. आणि वेळ देण्यासाठी काहीतरी बंदही करा. पंधरवड्याची शिक्षक सभा महिन्यावर न्या, निव्वळ माहितीचे विषय लेखी सूचनेने कळवा.

एक गोष्ट मात्र सहयोगाच्या नावाखाली टाळू नका. अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी १९९० च्या दशकात शिकागोतील प्राथमिक शाळांचा जो दीर्घ अभ्यास केला आणि २००२ साली प्रसिद्ध केला, त्यात परस्परविश्वास भक्कम असलेल्या शाळांना मुलांच्या वाचन-गणितात सुधारणा होण्याची शक्यता दोनात एक, तर तो कमकुवत असलेल्या शाळांना सातात एक असल्याचे दिसले. हा विश्वास चार गोष्टींवर उभा राहतो असे ते म्हणतात : आदर, माणूस म्हणून आस्था, कामातली क्षमता आणि बोलण्या-वागण्यातली सचोटी. आपण बहुतेक जण पहिल्या दोन गोष्टींवर भर देतो आणि तिसरीकडे दुर्लक्ष करतो. एखादे शिक्षक सातत्याने वर्गावर उशिरा जात असतील, वह्या महिनोन्‌महिने तपासत नसतील, आणि सर्वांना ते ठाऊक असूनही मुख्याध्यापिका सौजन्यापोटी गप्प राहत असतील, तर प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांचा विश्वास सर्वांत आधी उडतो. असे बोलणे सभेत करू नये, समितीवर ढकलू नये. ते बंद दाराआड, तुम्ही स्वतः, नेमक्या उदाहरणांसह आणि समोरच्याची बाजू खरोखर जाणून घेण्याच्या तयारीने करायचे असते. हे बोलणे अवघड असते आणि त्याचा सरावही करावा लागतो. खरे तर चांगल्या अभ्यासक्रमाकडून मला सर्वांत मोठी अपेक्षा याच सरावाची आहे.

सर्व सहकाऱ्यांना पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नको’ असे आहे. त्यांना नवी भाषा मिळेल, पण आज त्यांना भाषेची उणीव नाही. आणि तुम्हाला ज्याने मदत झाली नाही तेच त्यांना घ्यायला लावले, तर गप्प बसण्याला आणखी एक कारण मिळेल.

हा मार्ग सोडू मात्र नका. वर्षभरात फळ दिसले नाही म्हणून तो चुकीचा ठरत नाही. तुम्ही सुरुवात सभा आणि समित्यांपासून केली, ती कामापासून करायची आहे, एवढाच बदल.

राहिला पुढच्या टप्प्याचा अभ्यासक्रम. नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना काही गोष्टी विचारा. तुम्ही एकट्याऐवजी पर्यवेक्षक आणि एका शिक्षकासह येऊ शकता का, कारण तिघांनी एकत्र शिकलेले शाळेत टिकते आणि एकट्याने शिकलेले त्याला एकट्यालाच वाहावे लागते. तुमच्या शाळेतला खरा प्रश्न घेऊन त्यावर काम करता येईल का, की सर्वांना तीच काल्पनिक प्रकरणे सोडवावी लागतील? सत्रांमध्ये काही आठवड्यांचे अंतर आहे का, ज्यात तुम्ही शाळेत काही करून पाहून पुढच्या सत्रात ते मांडाल? त्या मधल्या काळात कोणी अनुभवी मार्गदर्शक तुमच्या शाळेत येऊन तुमची एखादी सभा किंवा गटाची बैठक पाहील का, आणि पाहिलेले तुम्हाला स्पष्टपणे सांगेल का? अवघड संभाषणांचा सराव करून घेतला जाईल का? शेवटी, अभ्यासक्रम उपयोगी पडला की नाही हे ते कशावरून ठरवतात : सहभागींच्या समाधानाच्या अर्जावरून, की तुमच्या शिक्षकांना सहा महिन्यांनी काय बदललेले दिसले, त्यावरून?

यांतील बहुतेक प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळाले, तर तिघे मिळून अवश्य जा. न मिळाल्यास या वर्षी तो अभ्यासक्रम राहू द्या आणि त्यासाठी राखलेला वेळ वर सांगितलेल्या गटाला द्या. वाचन तासिकेविषयीचे बोलणे मात्र दोन्ही परिस्थितींत येत्या सभेतच करा. त्यासाठी कोणत्याही अभ्यासक्रमाची वाट पाहू नका.